आईच्या जात्याचा थांबा

जुन्नर,
माघ वद्य पंचमी

प्रिय तुके,

घर्र, घर्र, घर्र, आणि मग एकदम थांबा. मी कशाबद्दल बोलतोय ते तुला वेगळं सांगायला नको. पहाटेची वेळ, पालात आपण दोघं एका घोंगडीखाली, बाहेर मेंढरांची खसखस, आणि आई दळतेय. दर ओवीच्या दुसऱ्या ओळीत, मध्यावर, ती एक मूठ बाजरी, जात्याचा घास, घाली आणि मूठ पडली की जातं क्षणभर अडे. बिऱ्हाड हलवताना घोड्यावरून पडून वरच्या तळीचा टवका उडाला होता, तिथं दाणा अडकायचा. आई दुसरा हात लावून जोर द्यायची आणि तेवढा वेळ ओवी तिथंच उभी राहायची, ओढ्याच्या काठावर बिचकलेल्या मेंढीसारखी. मग जातं आणि ओवी दोघं मिळून पुढं निघायची. पुढं बापानं मेंढरं विकून बोरीला जमीन केली, मला शाळेत घातलं, आणि पंतोजी वृत्तं शिकवायला लागले. कवितेच्या ओळीत मध्येच श्वासापुरती जागा असते तिला यती म्हणतात, असं ते म्हणाले आणि मी खुदकन हसलो. छडी खाल्ली. पण हसू येणारच ना. त्यांचा यती मोठमोठ्या पंडितांनी ठरवलेला, आणि आपल्या घरचा एका टवक्यानं.

म्हातारपणी हे असंच होतं बघ. खुशाली लिहायला बसावं आणि मेंढरं आठवावीत. माझी तब्येत बरी आहे. खोकला आहे, पण तो आता घरचाच झालाय. सकाळपासून समोरच्या पारावर एक मीठवाला बसलाय. अजून त्याच्याकडून कुणी मीठ घेतलं नाही आणि त्यानंही कुणाला हाक मारलेली नाही. त्याच्यावर एक डोळा ठेवून लिहितोय, त्यामुळं अक्षर वाकडं आलं असेल, सांभाळून वाच. वाळूत काठीनं मी तुला अक्षरं शिकवली तेव्हा तू म्हणाली होतीस, दादा, तुझा 'त' मेंढीच्या पायासारखा वाकडा आहे. आज सगळीच अक्षरं तशी झालीत.

तुमच्या डोंगरात हिरड्याच्या कंपनीचं राज्य उघडं आहे. हिरडा वेचायचा तो कंपनीच्या वखारीत घालायचा, मालकाला हुजूर म्हणायचं, त्यांची पालखी दिसली की वाट सोडायची. इथं जुन्नरात ते झाकलेलं आहे. इथं मामलेदार आहे, पोस्ट आहे, इंग्रज सरकारची मोहोर आहे. तरी माणसं भिंतीशी बोलावं तसं हळू बोलतात. हुजुरांनी स्वतःची छुपी माणसं पेरलीत. पगार वखारीतून, नाव कुठंच नाही. लोक त्यांना मुके म्हणतात, कारण ते बोलत नाहीत, नुसते ऐकतात. कुणी मीठ विकतो, कुणी बांगड्या भरतो, कुणी भीमाशंकराच्या वाटेवर यात्रेकरूंच्या घोळक्यात नामस्मरण करत चालतो. तुझ्या वाडीतही कुणीतरी असेलच. कुणाला घरात घेतेस, कुणाला ताक देतेस, बघून दे.

अवसरीच्या सावळेरामचं तुझ्या कानावर आलंच असेल. मंचरच्या बाजारात तो एवढंच म्हणाला की वखारीचा काटा झोपाळू आहे, कितीही हिरडा टाका, उठत नाही. चार माणसं हसली. दुसऱ्या दिवशी त्याला नेला. दिवाळी झाल्यावर परत आणून सोडला. अंगावर वळ नाही, ओरखडा नाही. पण बायकोनं जेवायला हाक मारली तरी आधी दाराकडं बघतो, मग भिंतीकडं, आणि नुसती मान हलवतो. शब्द नाही. मी जाऊन भेटलो. मी शिकवायचो तेव्हा माझ्या वर्गात सगळ्यात मोठ्यानं कविता म्हणणारा मुलगा होता तो. त्याचा आवाज चढला की शेजारच्या मशिदीच्या भिंतीवरची कबुतरं उडायची. मी त्याच्यासमोर बसून त्याची आवडती आर्या म्हटली, चुकून दुसरा चरण विसरल्यासारखं केलं, की हा तरी पुरा करेल. त्याचे ओठ हलले गं. पण त्यानं आधी दाराकडं बघितलं.

आणि आता मुके एका ओवीच्या मागं लागलेत. संक्रांतीपासून ती डोंगरातून उतरलीय. हिरडा वेचणाऱ्या बायकांनी मंचरला आणली, तिथून ती घराघरांत गेली. तुला लिहून दाखवायची काय गरज म्हणा, तरी लिहितो.

हुजूर बंगल्यात, त्याला झोप नाही बाई
भिंतीला कान लावी, कुठं दळती त्याची आई

शिवी दिली असती तर हुजूर हसले असते. पण जहागीरदाराच्या कुळातला म्हणवून घेणाऱ्या माणसाला कुणी म्हणावं, बाबा, तूही जात्याच्या आवाजावरच निजणारं पोर आहेस, आणि त्या आवाजाशिवाय तुला झोप लागत नाही म्हणून तू दुसऱ्यांच्या भिंतींना कान लावतोस? हे त्यांना झोंबलं. कारण ते खरं असावं. करणारी बाई हवी, असा हुकूम निघालाय. तिचं पुढं काय होणार ते सावळेरामकडं बघून कळतं.

परवा सकाळी गेणभाऊ आला. तोही माझा विद्यार्थी, सावळेरामच्या शेजारी बसणारा. त्याला एकही कविता कधी पाठ झाली नाही, पण एकदा कानावर पडलेला आवाज तो विसरत नसे. डोळे मिटूनही कोण पायऱ्या चढतंय ते सांगायचा. वर्गात आम्ही त्याचं कौतुक करायचो, त्या कौतुकाचं आता हे झालंय, तो मुक्यांत गेलाय. बरोबर त्यानं कागदी मोहल्ल्यातल्या अमिरुन्निसाभाभींना आणलं होतं. नवरा गेल्यापासून त्या लोकांची दळणं दळतात, आणि ती ओवी त्यांच्या तोंडी त्यानं ऐकली होती. गेणभाऊ पायाशी बसला, शिष्यासारखा. म्हणाला, "मास्तर, तुमी कवितेचं जाणकार. ही ओवी कुण्या अंगाची, कुण्या बाईची, येवढं सांगा. हुजूर शाल घालतील." मी म्हटलं, बाबा, ही ओवी माझ्या कानावर कधी आलेलीच नाही. ते खरंच होतं. हल्ली पहाटे माझ्या गल्लीत बायका मुक्यानंच दळतात.

अमिरुन्निसाभाभी मात्र घाबरल्या नाहीत. किंवा घाबरल्या असतील, पण तोंडाला कळू दिलं नाही. "मी लोकांचं पीठ दळती, तवा गानं बी लोकांचंच आसनार. ज्याचं जोंधळं त्याला जाऊन इचार," असं त्याला सुनावलं. गेणभाऊ म्हणाला, म्हणून दाखवा. त्या म्हणाल्या, "जात्याबिगर माजा गळा लागत न्हाई. जा, डोक्यावर घिऊन ये जातं, मंग म्हनते." त्यानं हसू दाबलं आणि तेच पुन्हा मागितलं. शेवटी त्यांनी म्हटली.

तुके, जातं नव्हतं. दाणा नव्हता, मूठ नव्हती. तरी दुसऱ्या ओळीत कान लावी म्हणून झाल्यावर त्या थांबल्या. श्वास संपला म्हणून नव्हे. ज्या बाईकडून ओवी घेतली ती तिथं थांबली असेल, आणि ती जिच्याकडून शिकली तीही, असं करत करत तो थांबा तुझ्या वाडीपासून इथवर तोंडातोंडी आला होता. शब्द कुणाचेही असू शकतात. पण टवक्यावर अडलेला तो घास एकाच घरचा.

भीती वाटायच्या आधी मला आनंद झाला, हे तुला सांगितलंच पाहिजे. पालात निजल्यासारखं वाटलं. तुझं लग्न झालं तेव्हा लोक म्हणाले होते, पोरीला भांडी द्यायची सोडून दगड काय देता? पण आईनं घोड्याच्या दोन्ही अंगांना दोन तळ्या बांधल्या, टवका उडालेली डाव्या बाजूला, आणि तू मागं वळून न बघता निघालीस. तेव्हा तू ओव्या करत होतीस, शेळीवर, माझ्या शेंडीवर, बापाच्या घोरण्यावर. पुढं दाजी गेले, मला वाटलं तुझ्या ओव्याही गेल्या. मी शाळेत सारा जन्म दुसऱ्यांच्या कविता शिकवल्या, स्वतः दोन वह्या भरल्या आणि दोन्ही चुलीत घातल्या. आणि तू तिकडं एकटी बसून अशी ओळ करतेस, की ज्याच्यावर केली त्याचीही कीव यावी.

माझं बोट घात करून गेलं. कविता ऐकताना मांडीवर ताल धरायची माझी खोड तुला माहीत आहे. अमिरुन्निसाभाभी गात होत्या आणि बोट चाललं होतं. ते थांबलं, तुके. त्या थांबायच्या आधी थांबलं. गेणभाऊचे डोळे माझ्या तोंडावर नव्हतेच, त्या बोटावर होते. तो सावकाश म्हणाला, "मास्तर, ओवी तुमी कधी ऐकली न्हाई म्हनता. मंग बाईच्या आदी तुमचं बोट कसं काय थांबलं?" भाभींनी खाली बघितलं. बाहेर कुणाची तरी गाडी गेली, तिचं चाक करकरत होतं, आणि मला वाटलं हे चाक कधी संपूच नये.

तुझ्याकडं मागणं एवढंच. आजपासून त्या जात्यावर दळू नकोस. शेजारणीच्या जात्यावर दळ, हात दुखतो म्हण, काहीही म्हण. गेणभाऊ एखाद्या पहाटे तुझ्या कुडाशेजारून गेला तर त्याला ओवीचीही गरज नाही, नुसता तो अडणारा घास पुरेल. टवका घासून टाक असं लिहिणार होतो. पाथरवट बोलावून टाकी लावून घे, असंही लिहिणार होतो. दोन्ही वाक्यं मनात केली आणि दोन्ही वेळा आईचा दुसरा हात दिसला. पुरून ठेव. गोठ्यात, शेणाखाली, कुठंही. पण फोडू नकोस.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगतो, माल वाहणारा चांद घोडेवाला यायच्या आत. तो काल घोडा घेऊन भीमाशंकराकडं माल टाकायला गेलाय, आज परतला की पुढच्या फेरीला हे पत्र त्याच्या खोगिराच्या भुशात जाईल. पोस्टावर माझा भरवसा नाही. गेणभाऊला मी म्हणालो, बोट थांबलं कारण ओवी माझी आहे. मी केली, एका यात्रेकरू बाईला शिकवली, तिचं नाव मला ठाऊक नाही. तो म्हणाला, "जात्यावरची ओवी बाप्या कशी करंल, मास्तर?" मी म्हटलं, ज्याला आई आहे तो करेल, हुजुरांनाही जमेल. तो उठून पाया पडला आणि म्हणाला, पंचमीला दिवस मावळायच्या आत वखारीची गाडी येईल, हुजुरांपुढं म्हणून दाखवा. आज पंचमी आहे. तेव्हा माझं काही कळलं तर तू येऊ नकोस, रडू नकोस, आणि कुणी विचारलं तर म्हण, माझा भाऊ मास्तर होता, त्याला कवितेचं वेड होतं, त्यानंच केली असेल. जन्मात एक बरी ओळ माझ्या नावावर लागली, ती बहिणीची चोरलेली. एवढी चोरी तुझ्या भावाला पोटात घाल.

तुझाच,
सोमादादा

घुंगरं वाजतायत. चांदचा घोडा. गाडी यायच्या आत आला, देवच पावला.

पण चालणं जड आहे. घोड्याच्या दोन्ही अंगांना घोंगडीत बांधलेलं काहीतरी गोल आहे, आणि लगाम चांदच्या हातात नाही. तो मागून घाम पुसत येतोय आणि मला दबक्या आवाजात सांगतोय की अमिरुन्निसाभाभींनी त्याच्याकरवी तुला परवाचा सगळा निरोप धाडला, माझा काही दोष नाही. पुढं तू आहेस. केस केवढे पांढरे झाले तुझे. पारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंस, "दादा, माजी ओवी तू कवाधरनं करायला लागला रं?" मी पुन्हा कागदाकडं वळलो आणि हे लिहितोय. तोवर तू चांदकडून दोन्ही तळ्या उतरवून उंबऱ्यातच मांडल्यास, टवका रस्त्याच्या बाजूला. पदरातून बाजरी सोडलीस. मीठवाला उठून उभा राहिलाय. तू त्याच्याकडं बघितलंही नाहीस. खुंट्याला हात घालून मला म्हणतेस, "एकटीनं वढलं तर घास अडतो. ये, समोर बस."

लेखणी ठेवतो, तुके. आलो.