तिसरा डाव

चेंगदू, ६ जानेवारी

यिंग,

वडीलधारी माणसं पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. मी तुझ्याहून आठच वर्षांनी मोठा, आणि आशीर्वाद द्यावा असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. म्हणून नुसता नमस्कार.

तब्येत बरी असेल. वसतिगृहात यंदा थंडी फार आहे, आठजणींच्या खोलीतली एक खिडकी नीट लागत नाही आणि ती नेमकी तुझ्या खाटेशेजारची, असं तुझ्या बाबांनी सांगितलं. फटीत वर्तमानपत्र दुमडून बसव. मी खेळाडू होतो तेव्हा संघाच्या घरात आम्ही तेच करायचो.

इकडे सगळं नेहमीसारखं. केंद्राची लिफ्ट अजून बंदच आहे. मागच्या आठवड्यात एका आईने पोराला दंडाला धरून सहा मजले चढवून आणलं. वर पोचेपर्यंत दोघांनाही इतकी धाप लागली की भांडण आपोआप थांबलं. केंद्र चालवणाऱ्या ताओ मॅडम म्हणाल्या, "लिफ्ट दुरुस्त करायलाच नको. निम्मं काम जिनाच करतो."

तुझ्या बाबांनी पाठवलेली तिखट सॉसेज मिळाली. दोन किलो तरी असतील. गॅलरीत दोरीवर टांगून ठेवलीत. पार्सलात चिठ्ठी होती: "पेंग सर, तुमचे उपकार कसे फेडू? पोरगी आता ऑनलाइन खेळाचं नावही काढत नाही. कॉम्प्युटर तिने आपणहून मामेभावाला देऊन टाकला. वर्गात चाळिसावी होती, ती अकरावी आली. जेवताना बोलत नाही फारशी, पण वयच तसं आहे, येईल ताळ्यावर."

ही चिठ्ठी येऊन तीन आठवडे झाले. सॉसेजला अजून हात लावलेला नाही.

ऑक्टोबरच्या सुट्टीत तू बाबांबरोबर केंद्रात आलीस तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणालीस, "सर, तुमचा उपांत्य सामना मी नऊ वेळा पाहिलाय." बाबांनी डोळे वटारले, तरी तू थांबली नाहीस. तुमच्या नेइज्यांगच्या पोरी बोलायला तिखटच. मी हसलो आणि विषय बदलला. त्या सामन्याबद्दल तुला जे माहीत नाही ते आधी लिहितो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

मी मूळचा झुनयीचा. वडील दारूच्या कारखान्यात भट्टीवर होते. सोळाव्या वर्षी शाळा सोडून शांघायच्या संघात निघालो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बोटांवर पोट भरणारा आपल्या घरात तू पहिलाच." शिवी होती की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही. संघाच्या घरात आम्ही पाचजण आणि तीन राखीव. रोज बारा तास सराव, एकच जेवणाचं टेबल, एकच खोकला सगळ्यांना. अठराव्या वर्षी मुख्य संघात आलो. एकोणिसाव्या वर्षी तो उपांत्य सामना.

सामन्याच्या दिवशी मोबाइल व्यवस्थापकाकडे जमा करायचे, असा नियम होता. देताना मी वर सांगितलं, "कुणाचाही फोन येऊ दे, सामना संपेपर्यंत मला काही सांगायचं नाही." हे मीच म्हणालो. पुढे लोकांनी व्यवस्थापकाला दोष दिला, तेव्हा मी गप्प राहिलो. दुपारी वडिलांना झटका आला. आईने चौदा वेळा फोन केला. तू नऊ वेळा पाहिलास त्या सामन्यात मी जिंकून खुर्चीवर उभा राहतो ना, तेव्हा वडील जाऊन दीड तास झाला होता.

दोन आठवड्यांनी अंतिम सामना हरलो, माझ्या चुकीने. त्यानंतर मनगट दुखायला लागलं. गरम पट्टे, सुया, टोचून घ्यायचं औषध, सगळं झालं. एकविसाव्या वर्षी राखीव, बाविसाव्या वर्षी घरी. आईने नूडलचा वाडगा पुढे ठेवला आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली.

मग हे काम मिळालं. काम काय ते तुला ठाऊक आहे, तुझ्यावरच झालं. खेळाडू व्हायचं म्हणून हट्ट धरलेली पोरं आईबाप आमच्याकडे आणतात. मी त्यांच्याशी तीन डाव खेळतो आणि असा हरवतो की पुन्हा नाव काढू नये. ताओ मॅडमचं म्हणणं, हळू हलवून जागं केलं तर पोरं कूस बदलून परत झोपतात. दोन वर्षांत दोनशेवर पोरं झाली. त्यातल्या एकाशीही खोटं बोलावं लागलं नाही. खरोखरच त्यांच्यातला कुणी होणारा नव्हता.

मग तू आलीस. शाळेचा निळा-पांढरा गणवेश, आणि अठराखालच्यांवरची वेळेची मर्यादा चुकवायला आजीच्या ओळखपत्रावर उघडलेलं खातं. पडद्यावर अडुसष्ट वर्षांच्या बाई माझ्याशी खेळायला उभ्या राहिल्या.

पहिला डाव मी सहा मिनिटांत संपवला, दुसरा नऊ मिनिटांत. दुसऱ्यात तू घाईने पुढे गेलीस आणि डावी बाजू उघडी पडली. बाबा माझ्या पाठीशी उभे होते. म्हणाले, "सर, अगदी स्पष्ट सांगा. तिचं मन राखू नका." तू खांदे उडवलेस आणि मला म्हणालीस, "तुमचा हात गार पडलाय. गरम पाणी आणून देऊ? नंतर सबब नको."

तिसऱ्या डावात तू पुन्हा तीच चूक केलीस. तशीच घाई, तीच डावी बाजू उघडी. मी आत घुसलो. ती चूक नव्हती. तू ती मुद्दाम मांडून ठेवली होतीस आणि मी येईन त्या जागेवर आधीच नेम धरून थांबली होतीस. चार सेकंदांत मी संपलो. स्वतःची हार दुसऱ्याला गळ म्हणून लावायची, हे शिकायला मला तीन वर्षं लागली होती, तीही चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. तू दोन डावांमधल्या पाच मिनिटांत शिकलीस.

माझा हात गार नव्हता. मनगट त्या दिवशी दुखत नव्हतं. सबब कुठलीच नाही.

बाबांनी विचारलं, "हा कसा काय हरलात?" आणि मी त्यांच्याकडे बघत म्हणालो, "तो मी सोडला. मूल अगदीच रिकाम्या हाताने घरी पाठवायचं नसतं." मग तुला काही जमण्यासारखं नाही, वगैरे पुढचं ठरलेलं भाषण केलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं होतं की तू भांडशील. तू जॅकेट उचललंस, "थँक यू सर" म्हणालीस आणि जिना उतरलीस.

कितीतरी दिवस मी स्वतःला समजावत होतो की पोरगी वाचली. चौदा फोन येतील आणि तिला कळणार नाही, असा दिवस तिच्या वाट्याला यायला नको. ऐकायला बरं वाटतं हे. पण तिथे बोलताना वडील माझ्या मनातही नव्हते. मनात एवढंच होतं की मी पंचविसाव्या वर्षी सहाव्या मजल्यावर पोरं हरवून पोट भरतो आणि आज तेवढंही जमलं नाही. हे तिच्या बापाला कळता कामा नये. बस. त्यासाठी मी तुझा डाव तुझ्याकडून काढून घेतला.

परवा बाबांना फोन केला. ते डेपोत डबा खात होते. सगळं सांगितलं.

"म्हणजे माझी पोरगी जिंकली होती?"

"हो."

"तुमच्याशी? खरोखर?"

"हो."

बसगाड्यांच्या आवाजात डब्याचं झाकण लागल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "परतीच्या वाटेवर दोन तास मी तिला सुनावत होतो. म्हटलं, बघ, त्या माणसाला तुझी दया आली. ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, तिला पटतंय."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "माझी नका मागू. तिला लिहा. मी सांगितलं तर तिला वाटेल, बाप समजूत काढतोय." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि सॉसेज परत पाठवू नका. तिच्या आजीने केलीत. म्हातारीला वाईट वाटेल."

त्या तिसऱ्या डावाचं चित्रण मी पुसलं नव्हतं. ते माझ्या जुन्या प्रशिक्षकांना पाठवलं. त्यांनी फोन करून विचारलं, "ही अडुसष्ट वर्षांची बाई कोण?" मी सांगितल्यावर हसले नाहीत. म्हणाले, अठरा पूर्ण झाली की जुलैमध्ये संघाच्या निवडीला येऊ दे. निवडीला साठजण येतात आणि एखादा राहतो; कधी एकही राहत नाही. जूनमध्ये तुझी विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षा आहे, ती दे. जुलैत ये असं मी म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही. तुझ्या बाबतीत तसं काही म्हणायचा हक्क मी ऑक्टोबरमध्येच गमावला. आलीस तर एवढंच कर, फोन कुणाकडे देताना माझ्यासारखं बोलू नकोस.

हे काम सोडलं असं लिहिणार होतो. सोडलेलं नाही. दुसरं मिळालेलं नाही, आणि तुझ्याशी आणखी एक खोटं नको. ताओ मॅडमना मात्र सांगितलंय की यापुढे हरलो तर हरलो म्हणेन. त्या म्हणाल्या, "मग हरू नकोस."

उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही. रागावली असशील तर तो राग बरोबर आहे. हे पत्र मैत्रिणींना दाखव, गुरुजींना दाखव, कुणालाही दाखव. म्हणूनच खाली पूर्ण नाव लिहितो आहे.

ज्याला तू खरोखर हरवलंस, तो
पेंग शुओ