सुटा ठेवलेला स्फटिक

प्रिय दत्ता,

काल तुझं म्हणणं खरं निघालं. ते ज्याला ओरडून सांगावं असा माणूस एकच होता, म्हणून तुलाच लिहितोय.

आपले ते कागोमे धातू! बुरडाच्या जाळीदार टोपलीसारखी, त्रिकोण-षटकोनांत विणलेली अणूंची जाळी. खूप थंड केली की त्यातले इलेक्ट्रॉन कुठे दाटतात, कुठे विरळ होतात, एक ठरावीक मांडणी धरतात. जाळीच्या तिन्ही दिशा खरं तर सारख्या. पण आपल्या मोजणीत एक दिशा वेगळी पडली. सममिती मोडली! लॅबमध्ये किती नाचलो होतो आपण.

आणि शंकाही तूच काढलीस. "इम्रान, हा ग्लूचा ताण नसंल ना राव? धातूचा स्फटिक आपण ग्लूनं चिकटवलाय; थंडीत ग्लू आकसतो, त्याला ओढतो."

"अरे, पेपर लिहून झालाय!"

"मग काय झालं? सुटा ठेवून बघू की."

त्याआधीच तुला ताप आला. साधा ताप, आणि आठवडाभरात तू गेलास? असं काम अर्ध्यात टाकून कुणी उठतं का रे?

कितीतरी महिने मला त्या मोजणीच्या मशीनला हात लावावासा वाटेना. शेवटी काल स्फटिक ग्लूशिवाय, लवचीक पट्ट्यांवर अलगद टेकवला. थंड केला. मांडणी झाली, पण तिन्ही दिशा सारख्याच! एका बाजूनं जरासं ओढलं, तर लगेच एक दिशा वेगळी. आपला पेपर गेला. मी तिथंच बसून रडलो. पेपरसाठी नाही रे.

आज अवसरीला जाऊन तुझ्या घरी सांगितलं. तुझे वडील म्हणाले, "मंजी आमचा दत्ताच बरुबर व्हता?"

"हो, काका."

ते उठून गोठ्याकडे गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. तुझ्या आईनं चहा पुढे केला. "मंग संपलं का तुमचं दोघांचं काम?"

"संपलं, काकू."

"आता तू कशाला येशील रं हिकडं?"

मान खाली घालून चहा पीत राहिलो.

नव्या पेपरात जे दिसलं तेच लिहीन, तुझ्या नावासकट. ते तर करायचंच. पण दत्ता, जुन्नरला घरी जाताना दर वेळी मी मंचरला उतरेन. अवसरीला जाईन. काही काम नसलं तरी. पुढच्या रविवारी हे काकूंना तोंडानं सांगतो.

तुझा,
इम्रान