आयसेलिनहून मलावीला

१७ फेब्रुवारी १९८६, सोमवार. आयसेलिन

मार्जला हो म्हणून बसले! कुणालाही न विचारता!

मार्ज म्हणजे आमची शेजारीण. सदुसष्ट वर्षांची. शाळेत नर्स होती, आता माझ्यासारखीच रिटायर्ड. आज ड्राइव्हवेतला बर्फ उपसता उपसता म्हणाली, आमच्या चर्चची टीम एप्रिलमध्ये आफ्रिकेत चाललीय. केनिया, टांझानिया, मलावी. ट्रकनं, गावोगाव. खेड्यांतल्या सुईणींना शिकवायचं — हात कसे धुवायचे, नाळ कशी कापायची, कुठली बाई वेळेवर हॉस्पिटलात पाठवायची. "पॅडमिनी, आमच्यात बाळंतपण केलेलं एकही माणूस नाही. मी जन्मभर पोरांचे खरचटलेले गुडघे पुसले! तू चल."

मी तीस वर्षं मिरजेला लेबर रूममध्ये काढली. आणि गेली दोन वर्षं इथे परदेशात मुलाच्या घरी डिशवॉशर भरतेय. तोंडातून "येस" निघूनच गेलं.

आता विनूला सांगायचं कसं?

१८ फेब्रुवारी

सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"आई, तू एकसष्ट वर्षांची आहेस!"

"मला माहितेय."

"तिथे मलेरिया असतो."

"मिरजेला काय होतं मग?"

"आणि नीलाला शाळेतून कोण आणणार?"

हां! गाडी आली मूळ स्टेशनावर. वाईट वाटलं, पण रागही येईना. दोघं सकाळी सातला बाहेर पडतात. पाच वर्षांची पोर, अर्ध्या दिवसाची शाळा. मला त्यासाठीच तर आणलंय. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

सुमेधा भांडी विसळत होती, एक शब्द बोलली नाही. सून गप्प बसली की मला जास्त धास्ती वाटते.

नीलाचा एकच प्रश्न — "आजी, विल यू सी अ लायन?"

२३ फेब्रुवारी

चारुदत्त गोडबोल्यांच्या बेसमेंटमध्ये मराठी मंडळाचं जेवण. बातमी माझ्या आधी पोचली होती! त्यांच्या मिसेस रेखाबाई श्रीखंड वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, आफ्रिका? लोक आईला नायगारा दाखवतात!" सगळे हसले. मीही हसले. मग एक काका विनूला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी समजावत होते. विनूचं तोंड एवढंसं झालेलं.

येताना गाडीत मी मनात ठरवलं, मार्जला नाही म्हणून टाकावं. उगाच घरात कटकट.

२४ फेब्रुवारी

मार्जला नाही म्हणायला निघाले होते, पायात बूटही घातले होते. सुमेधानं दारातच अडवलं. लॅबमधून लवकर आली होती — मुद्दाम.

"आई, तुम्ही जा."

मी बुटांसकट सोफ्यावर बसले.

"नीलाचं मी बघते. माझ्या बॉसशी बोललेय, तीन महिने लवकर जाईन, लवकर येईन. दुपारचं नंदा बघेल, तिची पोरगी नीलाच्याच वर्गात आहे." मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या आईनं आमच्यासाठी शाळेतली नोकरी सोडली. कधी काही बोलली नाही. पण शाळेची घंटा ऐकू आली की खिडकीत जाऊन उभी राहायची."

मी तिचा हात धरला. आमच्यात मिठ्या वगैरे मारायची पद्धत नाही. आज मारली!

१६ मार्च

विनूनं आपणहून मला मच्छरदाणी आणून दिली. तोंड वाकडंच. पण आणली!

२९ मार्च

बॅग भरून झाली. सुती साड्या, चपटे बूट, मेतकूट, गोडा मसाला. विमानतळावर जाताना नेसायला निळी साडी काढलीय. मार्ज म्हणते, पँट घाल, सोयीचं पडेल. म्हटलं, बाई गं, मी साडीत अख्ख्या मिरजेत धावपळ केलीय, ट्रकमध्ये चढणं काय मोठं!

२ एप्रिल, नैरोबी

पोचले! नैरोबी थंड, डोंगरातल्यासारखी हवा. रस्त्याच्या कडेला जांभळट फुलांची झाडं आणि त्यांच्याखाली गुजराती दुकानदार! आत शिरले तर काउंटरवरच्या बाईनं "आवो आवो" म्हणून चहा पाजला. मार्जला वाटलं, माझी नातेवाईकच आहे.

टीममध्ये आम्ही पाच जण. ट्रक एलिया चालवतो. टांझानियाचा आहे, चाळिशीचा, देवळातल्या भटजीइतका गंभीर चेहरा आणि तसाच चेहरा ठेवून विनोद करतो. मला म्हणाला, "ममा, या ट्रकला ब्रेक आहेत. कधीकधी."

११ एप्रिल, टांझानिया, डोडोमाच्या अलीकडे

पाऊस! ट्रक चिखलात बसला तो बसलाच. जवळच्या वस्तीतल्या बायका आल्या, ढकलायला लागल्या. मी पदर खोचला आणि त्यांच्यात शिरले. ट्रक सुटला, मी मात्र धप्पकन चिखलात! मग मलाच हसू फुटलं, तसा एकच हलकल्लोळ! एका म्हातारीनं मला उचलून उभं केलं, माझी साडी चिमटीत धरून बघितली, आपल्या अंगावरच्या फुलाफुलांच्या कांग्याचं, म्हणजे गुंडाळून नेसायच्या कापडाचं, टोक माझ्या हातात दिलं. जणू म्हणत होती, बघ, माझंही असंच नेसायचं असतं.

त्याच वस्तीत संध्याकाळपर्यंत वर्ग घेतला. मी आणि मार्ज इंग्रजीत बोलतो, एलिया ते स्वाहिलीत सांगतो. हात धुवायचं दाखवताना मी नखं दाखवली, "इथे! इथे घाण बसते!" तर सगळ्या जणी आपापली नखं बघायला लागल्या. अगदी आमच्या पहिल्या वर्षाच्या नर्सेससारख्या.

किती दिवसांनी मला कुणी प्रश्न विचारले!

१९ एप्रिल

एक बाळंतीण गेली. नवऱ्यानं सायकलवर बसवून आमच्याकडे आणली होती, फार लांबून. रक्त थांबेना. पोचेपर्यंतच उशीर झाला होता. आज बाकी काही लिहीत नाही.

२१ एप्रिल

मार्ज दोन दिवस जेवली नव्हती. आज तिच्याजवळ बसले. म्हटलं, माझ्या पहिल्या वर्षी मीही नोकरी सोडायला निघाले होते. मेट्रननं काय सांगितलं ठाऊक आहे? म्हणाली, रडून झालं की हात धू आणि वॉर्डात ये, पुढची बाई वाट बघतेय.

मार्ज उठली. खरंच हात धुतले. आज वर्गात तिनं पहिला तास फक्त रक्तस्रावावर घेतला — कधी थांबायचं नाही, कधी लगेच निघायचं. मी मध्ये एकदाही बोलले नाही. इतकं छान शिकवलं तिनं!

३ मे, मलावी

तळं म्हणे हे! पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, होड्या जातात. मी वाळूत पाय बुडवून उभी राहिले. खूप वेळ.

इथे आम्ही महिनाभर थांबणार. काठावरच्या एका छोट्या मिशन हॉस्पिटलात. सिस्टर इन-चार्ज एस्नाट. पन्नाशीची, धिप्पाड, कडक. पहिल्याच दिवशी मला वॉर्डभर फिरवलं आणि शेवटी विचारलं, "तू शिकवायला आलीस की फोटो काढायला?" म्हटलं, माझ्याकडे कॅमेराच नाही. तेव्हा कुठे हसली.

रात्री तिच्याकडेच जेवण. मक्याच्या पिठाची घट्ट उकड — न्सिमा म्हणतात — आणि पालेभाजीत दाण्याचं कूट! दाण्याचं कूट!! "एस्नाट, खरं सांग, तू मिरजेची ना?" तिला काही कळेना. मी ताटली चाटूनपुसून साफ केली.

१२ मे

हे नीट लिहून ठेवते.

दुपारी जेवणं झाल्यावर एक मुलगी आली, पहिलटकरीण, जुळी. डॉक्टर गाडी घेऊन दुसऱ्या गावी गेलेले. पहिला मुलगा झाला, सुरेख, खणखणीत रडला. एस्नाटनं पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी हात ठेवला. दुसरं आडवं! डोकं एका कुशीला, पाय दुसऱ्या.

एस्नाट हळूच म्हणाली, "तू कधी फिरवलंयस?"

"हो. पण फार वर्षं झाली."

"मी कधीच नाही. तू फिरव. मी ठोके ऐकते."

हातांना सगळं आठवत होतं. पोटावरून हलके हलके ढकलत गेले, कळ आली की थांबायचं, गेली की परत. एस्नाट कान लावून बोटानं ताल दाखवत होती — ठीक आहे, ठीक आहे, चालू दे. आणि एकदम ते वळलं! हाताखाली कळतं ना, मासा वळावा तसं. डोकं खाली आलं. मग पाण्याची पिशवी फुटली आणि मुलगी सरळ बाहेर.

पण गप्प. निळी. मी तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, तोंडानं श्वास दिला. परत दिला. एस्नाट प्रार्थना म्हणायला लागली, मी विठ्ठल विठ्ठल म्हणत होते, ती पोर दोघींचंही ऐकेना. मग तिनं नाक मुरडलं. अगदी रागीट नाक! आणि अशी किंचाळली की बाहेरच्या बायकांनी तिथेच नाचायला सुरुवात केली.

मी आणि एस्नाट जमिनीवरच बसलो, भिंतीला टेकून. रडत होतो की हसत होतो, कुणास ठाऊक.

१३ मे

मुलीचं नाव माझ्यावरून ठेवायचं ठरलं. बाळाच्या आजीबाईंना काही केल्या "पद्मिनी" म्हणता येईना. शेवटी नाव ठेवलं — मार्ज! मार्ज तर काल खोलीत नव्हतीसुद्धा! ती तळ्यावर कपडे धूत होती! सकाळपासून मिरवतेय.

२० मे

इथे सगळे मला "अमायी" म्हणतात. म्हणजे आई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, विनूच हाक मारतोय.

७ जून

शेवटचा दिवस. बावीस सुईणींनी वर्ग पुरा केला. एकीनं आपल्या भाषेत सगळे धडे गाण्यात बसवलेत — हात धुवा, पातं उकळा, रक्त थांबेना तर निघा, निघा! "निघा"ला सगळ्या टाळी देतात. मला मध्ये ओढलं. मी फुगडी घातली! एस्नाटबरोबर! ती काय वजनाची बाई, सोडली असती तर थेट तळ्यात गेले असते.

निघताना ती नेहमीसारखीच कडक. "औषधांचं कपाट बंद केलंस ना?" एवढंच. मग ट्रकच्या मागे चालत आली, वळणापर्यंत.

१४ जून, आयसेलिन

घरी! नीला विमानतळावर अशी धावत आली की एका माणसाची बॅगच पाडली. "डिड यू सी अ लायन?" "नाही गं. पण चिखलात बसले." "कूल!"

विनूनं वाकून नमस्कार केला. बारीक झालीस म्हणाला. सुमेधानं आमटी-भात केला होता. घरात नंदाची मुलगी, नीला, दोघींचा धुडगूस. माझ्यावाचून काही अडलेलं दिसलं नाही. बरं वाटलं. जरासं टोचलंही.

२९ जून

मंडळात रेखाबाईंनी माझं भाषण ठेवलं! अर्धा तास सांगितलेलं, दीड तास बोलले. जुळ्यांची गोष्ट तर हसत हसत, हातवारे करून सांगितली. मागे विनू उभा होता. त्याला हे मी घरी सांगितलंच नव्हतं. माझ्याकडे असा बघत होता, जसा काही मला ओळखत नाही.

१२ जुलै

मार्ज धापा टाकत आली. चर्चला मलावीहून फोन आलाय. तिथे सुईणींची कायमची शाळा काढतायत. एस्नाटनं सांगितलंय, शिकवायला पद्मिनीच हवी. दोन वर्षं.

मी लगेच ‘नाही’ म्हणून टाकलं. एकदा हट्ट केला, घरानं सोसला. पुरे झालं. माझी जागा इथे आहे. मार्ज कुंपणाला धरून उभी राहिली.

विनूला, सुमेधाला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायचंही नाही.

१३ जुलै

दुपारभर बागेत मिरच्यांना पाणी घातलं. पाणी कुंडीतून वाहून गेलं तरी लक्ष नाही.

१५ जुलै

आज विनू कामावर गेलाच नाही. चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाला, "आई, मी मार्जला हो सांगून आलो."

"कशाला हो?"

"तुला माहितेय कशाला. तिनं सांगितलं मला." कपाकडे बघत बोलत होता. "मी लहान असताना तू ड्युटीवरून यायचीस ना, दमलेली असायचीस, आणि तरी हसत यायचीस. मी दारात बसून त्या हसण्याची वाट बघायचो. इथे आणल्यापासून ते मला एकदाही दिसलं नव्हतं, आणि मला कळलंसुद्धा नाही. मंडळात परवा दिसलं."

मला न विचारता हो म्हणाला म्हणून रागवायला हवं होतं. रागवताच येईना.

सप्टेंबरात निघायचं.