नदीवरची ऊब

१४ जानेवारी
आलो एकदाचे विनिपेगला! हे माझ्या नवऱ्याचं, ओरेस्टचं, गाव. टोरांटो सोडताना मैत्रिणींनी सांत्वनाला आल्यासारखे चेहरे केले होते, पण मी खुशीत आहे. गोठलेल्या नदीवर स्केटिंग करणाऱ्यांसाठी दर हिवाळ्यात निवारे उभारतात, त्यांच्या स्पर्धेत यंदा मी रचलेलाही एक आहे. बाकीचे म्हणजे आनंदच! एकाने भलामोठा कांदा उभा केलाय. दुसऱ्याने लाल नळ्यांचा गुंता करून त्याला ‘स्वप्न’ म्हटलंय. वारा आरपार जातो, पण फोटो छान येतो म्हणे. माझा साधा. लाकडी कमानी, त्यांवर बुरणुसासारखं जाड लोकरी कापड, वाऱ्याकडे पाठ केलेलं रुंद दार. शेगडी नाही. बर्फावर शेगडी कोण शहाणा पेटवेल? पंचवीस तारखेला परीक्षक येणार. पहिला नंबर आला की टोरांटोतल्या शिष्टांची तोंडं बघायचीत मला.

१७ जानेवारी
माझ्या निवाऱ्यात गर्दी उसळली आहे. आत चक्क ऊब आहे, असं सगळे सांगतात. या गावाला थंडीची घमेंड फार, आणि अक्कल बेताची. वारा थांबला की यांना ऊबच वाटणार. बर्फाची जाडी मोजणारा लॉर्न तर बूट काढून बसतो. त्याच्या मोज्यांबद्दल न लिहिलेलं बरं.

१९ जानेवारी
तापमापक लावला. बाहेर उणे अठ्ठावीस, आत अधिक सोळा. खालचा बर्फ मात्र कोरडा ठणठणीत. कारण मला कळत नाही. वार्ताहर आला, त्याला सांगितलं की ही कमानींच्या वळणाची किमया. त्या बावळटाने लिहून घेतलं.

२१ जानेवारी
लॉर्नने आत बर्फाला भोक पाडलं. पाणी लागलं नाही. वाफ आली, दमट, आंबूस. मग ती आत ओढली गेली. पुन्हा बाहेर. एका लयीत, झोपलेल्या माणसासारखी. मी घाबरले, सरळ लिहिते. आणि ही येडी माणसं! भोकावर ओले हातमोजे वाळत घातले. लॉर्न म्हणाला, निवारा बंद करायचा का, तू सांग. मी नको म्हटलं. फळी टाकून गप्प बसायला सांगितलं. परीक्षक येऊन जाऊ देत, मग बघू.

२३ जानेवारी
ओरेस्ट दुपारी जेवून माझ्या निवाऱ्यात गेला, तो अंधार पडेतो हलला नाही. ओढून आणला. वाटेत एवढंच म्हणाला, “बाहेर आहे काय, मार्गो?” माझा नवरा, या रिकामटेकड्यांत! उद्या जाऊ नकोस म्हटलं. त्याने ऐकलंसं वाटलं नाही.

२४ जानेवारी
दाराबाहेर स्केट्सचा ढीग. आत जेमतेम तिघं, डोळे मिटून. बाकीचे कुठे? लॉर्नचं यंत्र बाहेर पडलंय, लॉर्न नाही. आणि दार — मी दोन माणसांना रुंद केलं होतं. आज अंग तिरकं करून शिरावं लागलं. कापड ओलं आहे. बंद करायला हवं. पण उद्याच तर —
नाही. उद्या दुपारनंतर.

२५ जानेवारी, सकाळ
ओरेस्ट अंथरुणात नाही.

नदीवर. ढिगात त्याचे स्केट्स. दार मिटलंय. शिवण नाही, फट नाही.

मीच उघडं ठेवलं. चार दिवस. एका नंबरासाठी.

हाका मारल्या. ओ दिली त्याने, अगदी जवळून. कापडाला चाकू लावला —
तो किंचाळला. जिथे लावला तिथूनच.
“कापू नकोस गं. आम्हाला लागतं.”

आम्हाला.

लांबून परीक्षक येताना दिसतायत. हसत, गप्पा मारत. ओरडले मी. त्यांनी हात हलवले. मूर्ख —

कापलं तर तो मरेल. नाही कापलं तर हे लोक —
मला नाही कापवत. माझा आहे तो.

दार थोडं उघडलंय. एक जण मावेल एवढं. ऊब येतेय. त्याचा हात दिसतोय. धरून ओढलं तर कदाचित —