चहाच्या पेल्यातलं पाणी

कांप दे मास्क, मंगळवार, जुलै १९५९

मारीचं बाळ संध्याकाळी गेलं. जन्मून अर्धा तासही झाला नव्हता. ते निळं पडायला लागलं तशी मारी म्हणाली, "मिस, त्याचा बाप्तिस्मा करा. असंच जाऊ देऊ नका."

पाद्री दुसऱ्या गावी गेलेले. अशा वेळी सुईणीनं केला तरी चालतो, हे त्यांनीच सांगितलंय. माझ्या चहाच्या पेल्यात पाणी घेतलं आणि फ्रेंच शब्दच आठवेनात. लग्नात ख्रिस्ती झाले तेव्हापासून सगळ्या प्रार्थना फ्रेंचमध्ये पाठ. हल्ली तर एका बाळंतिणीकडून दुसरीकडे धावताना सायकलवरच पुटपुटून टाकते. त्याच्या कपाळावर पाणी सोडताना तोंडातून निघालं ते आईचं मराठी. बापाच्या, लेकराच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. पुढे म्हटलं, देवा, याला थंडी वाजतेय, उचलून घे.

आणि कुणीतरी ऐकतंय असं वाटलं. किती महिन्यांनी. ते आजच वाटावं, त्या खोलीत?

मारी क्रिओल, या बेटावरची फ्रेंचसारखी बोली बोलणारी, तिला मराठी कुठलं कळायला. "बरोबर म्हटलंत ना?"

हो म्हटलं. बरोबर होतं का? पाद्रींना विचारलं आणि ते नाही म्हणाले तर? नाहीच विचारणार.

पेला घासून ठेवलाय. घरात दुसरा नाही, सकाळी चहा त्यातच प्यायचा. मग मारीकडे. दोन दिवसांत तिला दूध येईल, छाती बांधून द्यावी लागेल. त्या वेळची प्रार्थना कुणी शिकवलेली नाही. मलाच बोलावं लागेल.