दुधातलं जायफळ

आईंनी चिमूटभर सांगितलं होतं. तू अख्खं जायफळ किसून पोरीच्या दुधात घातलंस, रात्रपाळीनंतरची तुझी झोप मोडू नये म्हणून. मी कामावरून आले तेव्हा ती टक्क जागी होती. चेहरा लालबुंद, तोंड कोरडं, छाती धडधडत होती आणि ती मलाच म्हणत होती, “माझ्या आईला बोलवा.” डॉक्टर फोनवर म्हणाले, उलटी करायला लावू नका, लगेच दवाखान्यात आणा. उरलेलं दूध त्यांना दाखवायला सोबत नेतेय.

ही चिठ्ठी तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवतेय. आतून कडी लावून झोपलायस. पोरगी केव्हाची दार ठोठावत होती, ते भिंतीपलीकडच्या काकूंना ऐकू आलं, तुला नाही. म्हणून मी ठोठावत बसले नाही.

झोप आता निवांत.