डुकरासाठी पिस्तूल

इब्री, जुम्म्याची दुपार

प्रिय शरीफ,

अस्सलाम अलैकुम. अल्लाहच्या मेहेरबानीने मी बरा आहे, गुडघा आता नमाजाला वाकतो. अम्मीचा खोकला थांबला का? फोनवर ती शेजारी बसून ऐकते, म्हणून हे लिहून गावी निघालेल्या खलीलकडे देतोय.

कोणत्या कंपनीचं पिस्तूल घरच्या घरी उघडून दुरुस्त करता येतं, असं तू विचारलंस. मी इथे आखातात अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, दुकानात लग्नात मिरवायच्या जुन्या बंदुका साफ करतो, म्हणून मला विचारलंस. पण बागेत डुकरं येतात म्हणालास, ते पटलं नाही. डुकरांसाठी अब्बांची परवान्याची ठासणीची बंदूक आहे. पिस्तूल घेऊन डुकरामागे जाणारा माणूस मी कोकणात पाहिला नाही. आणि दुरुस्ती घरीच कशाला? कुणाला दाखवायचं नाही म्हणून?

इथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला तुझा प्रश्न सांगितला. त्याने कानस खाली ठेवली आणि विचारलं, "भावाचं भांडण कोणाशी आहे?"

चुलतभाऊ सकलैनने कुंपण सरकवलं, हे तू दर फोनला सांगायचास. महिनाभर त्याचं नावही काढलं नाहीस.

कंपनी मी सांगणार नाही. रजा मागितली आहे. मी येईपर्यंत त्या कुंपणाकडे जाऊ नकोस.

पाची वेळा तुझ्यासाठी दुआला हात उचलणारा,
तुझा भाई मुबीन